साडूचं बटण आणि माझे न दिसणारे स्क्रू

माझ्या साडूच्या गुडघ्यात टायटॅनियमचं बटण आहे. हे मला त्यानं सांगितलं, मेहुणीनं सांगितलं आणि सेलूच्या बसस्टँडवरच्या चहावाल्यानंही सांगितलं. देवगाव फाट्यावर मोटारसायकल घसरून त्याच्या गुडघ्यातला लिगामेंट तुटला. माझा तुटला आम्हा मास्तरांच्या कबड्डीत, सात गडी पाठीवर घेऊन रेषेला हात लावताना. बायको दोनच गडी होते म्हणते, पण ती तिथं नव्हती.

दोघांच्याही मांडीमागची नस काढून गुडघ्यात ओवली. त्याची वरच्या हाडाबाहेर बटण अडकवून टांगली, माझी हाडातल्या भोकांत स्क्रू पिळून दाबली. माझे स्क्रू विरघळणारे. काही वर्षांत हाडात जिरून जाणारे.

इथंच घात झाला. साडू एक्स-रेची फिल्म काखेत घेऊन हिंडायचा. उन्हात धरली की बटण असं चमकायचं की कोंबडे भरदुपारी आरवायचे. माझ्या फिल्ममध्ये स्क्रू दिसतच नव्हते. लोक उलटीसुलटी करून बघायचे आणि ऑपरेशन खरंच झालं का, असं हळूच विचारायचे. जळून माझा कोळसा झाला.

परभणीला जाऊन डॉक्टरांना म्हटलं, मलाही बटण बसवून द्या. ते म्हणाले, बटणावर टांगलेली नस जराशी हलू शकते, स्क्रूनं घट्ट बसते पण पिळताना चिरायची भीती असते; शेवटी निकाल सारखाच. दोन्ही नुसते राखणदार. नस हाडात मुरेपर्यंत धरून ठेवायचं, एवढंच त्यांचं काम. आणि तोवर मांडी घालून बसायचं नाही.

अशात अधिक महिना आला. पेडगावला सासऱ्यांनी दोन्ही जावयांना धोंड्याचं जेवण ठेवलं. थोरला जावई मी, देवघरासमोरचा पाट लग्नापासून माझा. जाऊन बघतो तर त्या पाटावर साडू, भोवती रांगोळी. मला प्लास्टिकची खुर्ची.

सासूबाई मायेनं म्हणाल्या, "जावईबापू, तुमी वर बसा. त्यांचं पक्कं हाय. तुमचं विरघळायलंय म्हणं."

सगळ्या घरानं माझ्या गुडघ्याकडं असं पाहिलं, जणू ते चहात बुडवलेलं बिस्कुट होतं. मी खुर्ची सारली, दुसरा पाट ओढला आणि मांडी घातली. आत कट्‌ असा आवाज झाला. तो पार जिंतूरपर्यंत गेला असणार.

पुरणाचे धोंडे मी घामासकट खाल्ले. उठायची वेळ आली तेव्हा पाय उठेना. साडूनंच काखेत हात घालून मला उचललं. कानाशी म्हणाला, "साडूभाऊ, मला डॉक्टरनं परवानगी दिलीय. तुमाला दिलीय का?"

आता एक गोष्ट कबूल करतो, जी आतापर्यंत खुबीनं टाळली. साडूचं ऑपरेशन माझ्या पाच महिने आधी झालेलं. त्याची नस मुरली होती. माझी अजून मुरायची होती.

दुसऱ्या दिवशी परभणी गाठेपर्यंत मी देवाला त्याचं बटण नको, माझे स्क्रूच राहू दे म्हणून विनवलं. डॉक्टरांनी गुडघा पुढंमागं ओढून पाहिला. नस शाबूत निघाली. मग त्यांनी मला असं झापलं की बाहेरचे पेशंट बरे होऊन घरी गेले.

निघताना नवी फिल्म मागून घेतली. स्क्रू तिच्यातही दिसत नाहीत, पण त्यांची हाडातली दोन भोकं मात्र अगदी ठसठशीत दिसतात. साडूचं बटण एकच आहे.