प्रत्येक काचेत काकू

समस्त मराठी मंडळींना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते, की ब्रिस्टलमधल्या एका दिवाणखान्यात उजवीकडून शिरायला सक्त मनाई होती. शिरलात, तर घरमालक ओरडत, "अहो, तुम्ही सॅन फ्रान्सिस्कोच्या शेवटातून आत आलात!"

हे घरमालक म्हणजे आमचे पट्टीकाका. विमानांची इंजिनं बनवण्यात हयात गेली, निवृत्त झाले आणि एकोणिसाव्या शतकातल्या एका फोटोच्या नादी लागले. कुण्या फोटोग्राफरने टेकडीवरून, कॅमेरा थोडा थोडा वळवत, वाढतं सॅन फ्रान्सिस्को एकेका काचेवर टिपलं होतं; तेव्हा फिल्मच्या जागी काचच असे. काकांनी सगळ्या काचांच्या प्रती जोडून चारही भिंतींवर पट्टी फिरवली, दारांवरूनसुद्धा. चहाचा कप घेऊन आपण गोल फिरायचं. "ही सावली सकाळची, ही दुपारची. बघितलंत? एका फोटोत दिवस कलला!"

मग त्यांचं ठरलेलं कोडं : एवढं शहर, मग रस्त्यात माणूस का नाही? उत्तरही तेच देत. "जुनी काच मंद हो, चित्र धरायला वेळ घेई. जो थांबला तो राहिला, जो हलला तो गेला."

काकूंना पार्किन्सन्स झाल्यावर हे वाक्य त्यांनी बंद केलं. आजार वाढतच जाणार, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. काकांनी मात्र लाकडी कॅमेरा मिळवला. घरामागच्या टेकडीवरून ब्रिस्टल टिपायचं, जुन्या रीतीने, आणि प्रत्येक काचेत काकू हव्यात.

"काका, फोन एका झटक्यात काढेल," मी म्हटलं.

"फोन कुणालाही ठेवतो रे. काचेनं तिला ठेवलं पाहिजे."

गोळीचा असर टिकतो तेवढ्यात उरकायचं होतं. कॅमेरा वळला की मी खुर्ची पुढे न्यायची, काकूंनी तिच्यात बसायचं.

"मला काय गणपतीसारखं चौकाचौकात बसवताय?" काकू म्हणाल्या.

"हलू नकोस."

"मी कुठे हलतेय? हात हलतोय. त्याला सांगा."

काका भिंगाचं झाकण काढून सावकाश अंक मोजत.

"अहो, भरभर मोजा की!"

"शहर काळं येईल."

"येऊ दे काळं!"

काकांनी काही भरभर मोजलं नाही. काकूंनी हात मांडीखाली दाबून धरला. मग खांदा थरथरायला लागला, मग मान.

संध्याकाळी गॅरेजमध्ये काकांनी ओल्या प्रती ओळीने दोरीवर टांगल्या. ब्रिस्टल देखणं आलं होतं. क्रेन, नवे टॉवर, खिडकीन् खिडकी. पहिल्या काचेत काकू चक्क हसत होत्या. पुढच्या काचांत चेहरा पुसट होत गेला, मग नुसता धूर राहिला. शेवटच्या काचेत खुर्चीवर कुणीच नव्हतं.

काकांच्या हातातला चिमटा तसाच राहिला. मी एरवी मयताच्या घरीसुद्धा विनोद करणारा माणूस. मीही दोरीवरचे चिमटे उगाच सरळ करू लागलो. काकूंनी चष्मा सारखा केला, त्या प्रतीजवळ वाकल्या आणि एकदम म्हणाल्या,

"अहो, पण खुर्ची काय सुरेख आलीय!"