समासातला हशा

तिरुवैयारूपासून कुंभकोणमपर्यंत लोक तुळजारामच्या आवाजाला हसत. राजवाड्यामागच्या त्याच्या स्वतःच्या मराठी गल्लीत मात्र तो दिसला की तोंडं फिरत. वीजमंडळातला हा कारकून नाटकांत विनोदी कामं करी, रेडिओवर एकटाच पाच माणसांचे आवाज काढी आणि आपले प्रवेश आपणच लिही. त्याचं नाव झालं ते एका म्हाताऱ्या मराठी विधवेमुळे. मराठी वळणाचं तमिळ बोलत ती भाजीवाल्यापासून देवापर्यंत सगळ्यांना फैलावर घेई. तमिळ माणसं पोट धरून हसत. गल्लीतले म्हणत, घरातली बाई यानं बाजारात नेऊन बसवली.

बाई खरी होती. चंद्रमती आत्या. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं होतं. तो रोज संध्याकाळी तिच्याकडे जाई. ती चिंच निवडत बोलत राही, तो ऐकत राही. तिला वाटे, मायेनं येतो. माया होतीही, पण घरी परतला की तो तिची वाक्यं वहीत उतरवी.

१९९३ साली गावात केबल आली. केबलवाल्या मुरलीकृष्णनं आत्याचा कार्यक्रम दर आठवड्याला मागितला, आणि तुळजारामनं सरकारी नोकरीवर पाणी सोडलं. आता दर आठवड्याला आत्यानं काहीतरी नवं बोलायला हवं होतं.

त्याच दिवसांत तो वही तिच्या झोपाळ्यावर विसरला. देवनागरी त्याला येत नव्हती. गल्लीतल्या बहुतेकांसारखा तोही मराठी तमिळ अक्षरांत लिही. म्हणूनच आत्याला ती वाचता आली.

नवरा गेला त्या सकाळची गोष्ट तिनं जन्मात एकदाच, त्यालाच सांगितली होती. प्रेत ओसरीवर ठेवलेलं असताना ती त्याच्या कानाशी वाकून म्हणाली होती, "रेशनकार्ड कुठं ठेवलंत, एवढं तरी सांगून जायचं." वहीत ते वाक्य जसंच्या तसं होतं. शेजारी समासात लिहिलं होतं: इथं हशा.

दुसऱ्या दिवशी आत्या दारातच उभी होती. "वांगो," ती म्हणाली. या, असं परक्याला म्हणतात तसं. त्या घरात बाहेरच्या माणसाशी तमिळ आणि आपल्या माणसाशी मराठी अशी रीत होती. तिनं त्याला आत घेतलं, बसायला दिलं, आणि त्यानंतर त्याच्याशी मराठीतला एक शब्दही बोलली नाही. तो रागावला, त्यानं गयावया केली, बालपणच्या आठवणी काढल्या. ती तमिळमध्ये, मोजक्या आदरार्थी शब्दांत उत्तरं देई. पाटबंधारे खात्यातल्या साहेबाशी बोलावं तशी.

जुनी वाक्यं सहा भागांत संपली. तुमची म्हातारी आजारी आहे वाटतं, मुरलीकृष्ण हसत म्हणाला. पण पुढचे दोन भाग पाहीन आणि बंद करीन, हेही त्यानं सांगून टाकलं.

तुळजारामनं वही तिच्यापुढे टाकली. "फाड ही. पण बोल माझ्याशी."

तिनं फाडली नाही. नेमकं ते पान काढलं, समासावर बोट ठेवलं आणि तमिळमध्ये विचारलं, "इथं लोक हसतील?"

"हसतील."

"मग करून दाखवा."

त्यानं केलं. आवाज हुबेहूब तिचा निघाला, इतका आजवर कधी निघाला नव्हता. रेशनकार्डाच्या वाक्यावर तो सवयीनं थांबला, हशाला जागा दिली. आत्याही थांबली. झोपाळ्याची कडी तेवढी कुरकुरत होती. मग तिनं पाहुण्यांच्या पेल्यात कॉफी आणून त्याच्यासमोर ठेवली.

दुसरं काही उरलं नव्हतं, म्हणून शुक्रवारी त्यानं तोच प्रवेश केला. गाव हसलं, अगदी तिथंच. मुरलीकृष्णनं वर्षभराचा करार पुढे केला.

शनिवारी तो आत्याकडे गेला. ती चिंच निवडत होती. तिनं मान वर केली, खुर्चीकडे हात केला.

"तुमचा कार्यक्रम पाहिला," ती तमिळमध्ये म्हणाली. "छान झाला."