बाईंचे दोन जावई

गाण्याच्या बाईंना मूलबाळ नव्हतं, पण जावई मात्र दोन होते. छातीएवढे उंच, शिसवी रंगाचे, आणि स्वतःचा म्हणून एक शब्द न बोलणारे. हैदराबादहून मालट्रकमधून उतरले तेव्हा आख्खी गल्ली बघायला जमली होती. मुलींच्या शाळेत जन्मभर 'सा' लावून घेतलेल्या, एकट्या राहणाऱ्या बाईनं पाटल्या करायच्या सोडून दोन कपाटं आणली, आणि त्यातही कप्पे नाहीत, असं शेजारणी म्हणाल्या. बाईंनी ऐकलं आणि सोडून दिलं.

मी त्यांचा खालच्या मजल्यावरचा भाडेकरू. केमिस्ट्रीच्या शिकवण्या घेणारा. लातुरात मला सगळे 'सर' म्हणत, बाई एकट्या 'मास्तर' म्हणायच्या आणि वर म्हणायच्या, 'सर' म्हटलं की सरका म्हटल्यासारखं वाटतं. ते स्पीकर वर चढवायला मी आणि दोन हमाल लागलो. माझ्या अकलेप्रमाणे मी एकेक उचलून एकेका कोपऱ्यात, भिंतीला चिकटवून ठेवला. जड वस्तू भिंतीलाच लावतात ना! बाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या.

"मास्तर, जावयाला कुणी कोपऱ्यात बसवतं का? कोपऱ्यात बसवला की फुगतो."

ते खरंच होतं. कोपऱ्यातून तबल्याचा डग्गा असा काही घुमायचा की गाणाऱ्याचा आवाज त्यात बुडून जायचा. मग आम्ही दोघांना भिंतीपासून ओढून चांगलं पुढं आणलं, तोंडं जराशी आत, बाईंच्या वेताच्या खुर्चीकडे वळवली. बाईंनी साडीच्या फॉलची पट्टी घेतली, एक टोक खुर्चीला धरलं आणि दोन्हीकडचं अंतर सारखं करून घेतलं. दिवसभर मला इंच इंच सरकवायला लावलं. माझी पाठ गेली आणि त्यांचं आपलं एकच पालुपद : "दोघांत डावं-उजवं करायचं न्हाई."

मग सतरंजी आली. दोन्ही जावयांच्या मधली जागा रिकामी राहिली पाहिजे, कारण तिथं गाणारा बसतो, असं बाईंचं म्हणणं. मला आधी ते थोतांड वाटलं. खुर्चीत बसवून डोळे मिटायला लावलं तेव्हा मात्र देवाशप्पथ, समोर कुणीतरी मांडी घालून बसलं होतं. त्या जागेतून गाणं चालू असताना जायची कुणाला सोय नव्हती. मी एकदा पाण्याचा तांब्या घ्यायला सरळ गेलो, तर म्हणाल्या की भरल्या मैफलीत तुम्ही गवयाच्या अंगावरून जाता काय?

आणि मग भूकंप झाला. विसर्जनाची रात्र सरत आलेली, आणि पहाटे सगळं लातूर अंगणात. आमचं घर उभं राहिलं. उजाडल्यावर धीर करून वर गेलो, तर एक स्पीकर खुर्चीच्या पुढ्यात तोंडावर पडलेला. बाई बघून म्हणाल्या की जावयानं सासूच्या पाया पडायची ही पहिलीच वेळ. हसलो आम्ही. दुपारी त्यांच्या माहेरगावाहून माणूस आला. दगडमातीचं घर, धाकटा भाऊ आत झोपलेला. बाई गेल्या आणि काही दिवसांनी परत आल्या, तेव्हा त्यांनी मला त्यातलं एकच सांगितलं, की आधी आवाज आला होता म्हणे. जमिनीच्या पोटातून.

तो आवाज पुढंही कित्येक महिने यायचा, हे आमच्याकडच्या माणसाला सांगायला नको. बाईंनी बऱ्याच दिवसांनी गाणं लावलं. विलंबित ख्याल होता. डग्गा घुमला, वरच्या स्लॅबला थरथर आली, खिडकीची काच बोलली, आणि बाई अनवाणी धावत खाली माझ्या दारात. तोंड पांढरंफटक. मी नुसता त्यांचा हात धरून उभा राहिलो, दुसरं काय करणार!

पण गाणं सोडणं त्यांना जमेना आणि ती थरथर सोसेना. शेवटी त्यांनी टायरवाल्याकडून ट्रॅक्टरच्या टायरचे जाड तुकडे कापून आणवले. आम्ही ते दोन्ही स्पीकरांखाली सरकवले आणि खालच्या सुरांचं बटण पार उलटं फिरवून ठेवलं. "गाणं हवेतून येऊ दे," त्या म्हणाल्या, "जमिनीला कळता कामा नये." पुढं कितीतरी वर्षं त्या घरात तबला वाजला तो डग्ग्यावाचून. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, पण ते अळणी वरण आहे एवढं मलाही कळायचं.

मधल्या काळात माझ्या शिकवणीची बॅच झाली, एकीच्या चार झाल्या. कंधार, निलंगा, किनवट, कुठून कुठून पोरं यायची आणि अंगणात सायकलींना जागा उरायची नाही. बॅच चालू असताना वर चिटपाखरू बोलायचं नाही, हा आमचा करार. सुटली की बाई कठड्यावरून विचारायच्या, उठली का पंगत? मग एखाद्याला वर बोलवून खुर्चीत बसवायच्या आणि गाणारा कुठं बसलाय ते बोटानं दाखवायला सांगायच्या. बरोबर दाखवलं तर शेंगदाण्याचा लाडू. नव्वद टक्केवाली पोरं तिथं गडबडायची आणि बाईंना त्याचा फार आनंद व्हायचा.

एकदा वर गेलो तर डावा जावई पुढं आलेला दिसला. मी चेष्टेनं फॉलची पट्टी मागितली. बाई हसल्या नाहीत. त्यांचा डावा कान गेला होता. "आता डावं-उजवं करावंच लागलं, मास्तर," एवढंच म्हणाल्या. डावा जावई हळूहळू खुर्चीपाशी आला. मग उजव्या कानानंही दगा दिला. कानात घालायचं यंत्र आणलं, तर त्यातून तानपुरा डासासारखा ऐकू येतो म्हणून त्यांनी ते डबीत ठेवून दिलं. वरची खोली गप्प झाली. मला बॅच घेताना त्या शांततेचा त्रास व्हायला लागला. एवढी वर्षं तीच तर मागत होतो!

एका दुपारी बाईंनी मला वर बोलावलं आणि टायरचे तुकडे काढा म्हणाल्या. मी खुणेनं, ओरडून, सगळ्या तऱ्हेनं सांगितलं की बाई, जमीन थरथरेल.

"म्हणून तर काढा म्हणतेय."

तुकडे काढले. स्पीकर उघड्या फरशीवर टेकवले, बटण पूर्ण सरळ फिरवलं. बाईंनी चपला काढून दोन्ही तळवे फरशीवर ठेवले. पहिला डग्गा घुमला तशी त्यांनी माझं मनगट गच्च धरलं. नजर जिन्याकडे. मला वाटलं, आता उठतात. काच वाजत होती, फरशी थरथरत होती, आणि बाई ओठ आवळून बसून राहिल्या. आवर्तनं जात राहिली. मग पकड सैल झाली आणि त्यांचं बोट माझ्या मनगटावर मात्रा मोजायला लागलं. समेवर नेमकं पडलं. मी कानाला बोट लावून खुणेनं विचारलं, ऐकू येतंय?

"पायाला येतंय," बाई म्हणाल्या, आणि रडल्या. मीही रडलो.

नंतर एकदा मी खाली शिकवत होतो. बाईंना वेळेचं भान राहिलं नसावं. एकाएकी छत घुमलं, काचा वाजल्या, आणि मी हातात खडू घेऊन थेट अंगणात. वळून बघतो तर पोरं बाकांवर तशीच. भूकंपानंतर जन्मलेली ती, त्यांना काय माहीत! सर कुठं पळाले म्हणून हसत होती. बाई कठड्याशी आल्या आणि वरून म्हणाल्या,

"भिऊ नका मास्तर. डग्गा हाय तो."

बाई गेल्या. जायच्या आधी, जावयांना आता तुम्हीच घरजावई करून घ्या, असं सांगून गेल्या. आता ते माझ्या खोलीत आहेत. भिंतीपासून पुढं, मधली जागा रिकामी. माझे दोन्ही कान अजून शाबूत आहेत, तेव्हा दोघांना सारख्या अंतरावर ठेवायला हवं. पण डावा मी जरा पुढंच ठेवलाय.

रस्त्यावरून भरलेला ट्रक गेला की अजून फरशी थरथरते. पाय दाराकडे वळतात. मग मी चपला काढतो, तळवे खाली टेकवतो आणि स्वतःला सांगतो, मास्तर, डग्गा हाय तो.