नरहरभाऊंचा कॉम्प्युटर आणि ऐंशी साल

लखनौच्या मानक नगरातले आमचे शेजारी नरहरभाऊ निवृत्त रेल्वे इंजिनिअर, विधुर. १९९६च्या थंडीत एकदा नातीचा गेम सुरू करायला ते सकाळपासून झटत होते.

"आजोबा, शाम को मेरी ट्रेन है!" जुई कुरकुरली.

अखेर दोष सापडला. आतली बॅटरी संपल्यामुळे कॉम्प्युटर दरवेळी सुरू होताना १ जानेवारी १९८० दाखवायचा आणि त्या तारखेला गेम अडायचा.

नरहरभाऊ थबकले. "तेव्हा मालिनी होती. वहिनी, तुमची त्या दिवशीची डायरी वाचता?"

मी घरून माझी ऐंशी सालची वही आणून वाचली. 'मंगळवार. दाट धुकं. पलीकडच्या गच्चीवर मालिनी केस वाळवत गुणगुणत होती. दिसली नाही, ऐकू आली.'

शेवटची ओळ त्यांनी मला पुन्हा वाचायला लावली. मग त्यांनी आजची तारीख घातली. गेम सुरू झाला, जुईनं टाळ्या पिटल्या.

नवी बॅटरी हजरतगंजच्या बाजारात मिळत होती. त्यांनी ती कधीच आणली नाही.