पोरगी सांभाळली तो उन्हाळा

मराठी सातवीची परीक्षा झाली त्या उन्हाळ्यात शेजारच्या वैनीने मला तिची आठेक महिन्यांची मुलगी सांभाळायला सांगितलं. साखरखेर्ड्याजवळचं आमचं गाव. वैनीच्या घरचा मळा होता आणि कांदे काढणीला आले होते. ती आणि तिची सासू उजाडताच मळ्यात जायच्या. दुपारी वैनी घरी येऊन मुलीला पाजायची आणि परत जायची. बाकीचा दिवस मुलगी माझ्याकडे.

"भाऊजी, तुमाले जमन का?" तिने विचारलं.

"माह्या तीन भावंडांचं हागणंमुतणं मीच काढलं, वैनी."

"मंग तुमाले बायको कायले पाह्यजे?" म्हणून ती हसली.

काम सोपं होतं. मुलगी उठली की मोहरीएवढी अफू दुधात कालवून बोटाने चाटवायची. मजुरीला, मळ्याला जाणाऱ्या सगळ्याच बाया तसं करत. लेकरू दिवसभर निपचित पडे. पण मला ते बघवेना. डोळे अर्धे उघडे, बाहुल्या टाचणीएवढ्या. मी लेकरं खेळवण्यात पटाईत, आणि माझ्या वाट्याला हे झोपलेलं गाठोडं! एका सकाळी मी माझ्याकडे दिलेली अफूची सगळी पुडी चुलीत टाकली आणि कोणाला सांगितलं नाही. नुसतं खेळवून तिला ठेवीन, अशी माझी खात्री होती. अफू दिली नाही ते बरोबरच केलं, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन.

पण सवय लागलेल्या लेकराची अफू एकदम तोडली तर काय होतं, ते मला ठाऊक नव्हतं. दुपारपर्यंत तिला शिंका सुरू झाल्या. मग हगवण लागली, आणि रडणं सुरू झालं ते थांबेचना. खांद्यावर टाकून मी तिला गोठ्यात, लिंबाखाली, सगळीकडे फिरवलं. वैनीने येऊन पदराखाली घेतलं, तर ती तोंड फिरवी.

"उन्हातून येते आन् तशीच पाजते," सासू म्हणाली. "दूध तापलं तुहं. वरून कांदा खाते तो वेगळाच."

वैनीला ते पटलं. तिने तिखट सोडलं, कांदा सोडला, भाकर पाण्यात कुस्करून खाऊ लागली. मळ्यातून आली की सावलीत अंग निवेपर्यंत बसे, पहिलं दूध पिळून मातीत टाकी, आणि मग मुलीला घेई. मी समोर बसून ते पाहत असे. "अफू देल्ली नं, भाऊजी?" ती विचारी. मी "हाव" म्हणे.

चार-पाच दिवसांनी एका संध्याकाळी वैनीकडे गेलो, तर सासू सुईला बिब्बा टोचून दिव्यावर धरत होती. पोट बिघडलेल्या लेकराच्या बेंबीभोवती त्या तापलेल्या बिब्ब्याचे चटके द्यायचे, हा आमच्याकडचा इलाज. वैनीने मुलीचे पाय धरले होते आणि मान वळवली होती.

"थांबा," मी म्हणालो. "दुधाचं काही नाही. मी अफू देऊनच नाही राह्यलो."

"काऊन? इकली का बे कोनाले?" सासू ओरडली.

"चुलीत टाकली."

"चुलीत! सरकारी ठेक्यावरून इकत आणलेली अफू चुलीत!"

वैनीने मुलीचे पाय सोडले आणि तिला छातीशी घेतलं. "तुले मालूम होतं," ती म्हणाली. "मी माह्या दुधाले शिव्या देऊन राह्यली होती, आन् तू पाहून राह्यला होता."

"पोरगी सुधरून राह्यली, वैनी. आज कमी रडली."

"सुधरन ते. पन माहे हाल तुले दिसले नाही का?"

दिसत होते. मुलगी पुरती बरी झाली की मग सांगायचं आणि शाबासकी घ्यायची, असा माझा बेत होता. तोवर ती माउली कोरडी भाकर खाईल तर खाऊ दे, असाच त्याचा अर्थ झाला. अफूबद्दल मला कधी पस्तावा झाला नाही. त्या रोजच्या "हाव"चा मात्र अजून होतो.

चटके टळले. वैनीने पुन्हा मुलीला अफू दिली नाही. दुसऱ्या दिवशी ती डोक्यावर टोपली आणि कडेवर मुलगी घेऊन आमच्या दारावरून निघाली.

"अवं, लेकराले उन्हात काऊन नेतं?" माझी आई म्हणाली. "हा हाये नं घरी."

"राहू द्या, मामीजी. ते आता जागी राह्यते. मळ्यात झाडाखाली बसवीन."

माझ्याकडे तिने पाहिलं नाही. मुलगी मात्र तिच्या खांद्यावरून टक्क डोळ्यांनी मागे बघत होती.