खडवलीच्या आत्यांचं प्रकरण

माझी धाकटी जाऊ बाळकुमला एकविसाव्या मजल्यावर राहते, हे आधी सांगू द्या, म्हणजे पुढचं सगळं कळेल. आम्ही डोंबिवलीत तळमजल्यावर. तिची पुरणपोळी काठालासुद्धा फुटत नाही. सासूबाई असताना दर सणाला मला ऐकवायच्या, "धाकटीचा हात बघ." बघितला की! तीस वर्षं तेच बघतेय.

म्हणून घराण्याचा कुलवृत्तांत काढायचं ठरलं, तेव्हा मी सगळ्यांच्या आधी हात वर केला. सात पिढ्यांची माहिती गोळा करायची, टाइप करायची आणि कुलसंमेलनात त्याचं पुस्तक वाटायचं. शाळेतून निवृत्त झालेले, मराठी टायपिंग येत होतं. म्हटलं, निदान ही एक गोष्ट तरी माझी असू दे. चार वर्षं खपले. मी एकेक प्रकरण लिहून ई-मेलनं तिला पाठवायचं आणि तिनं शुद्धलेखन तपासायचं, असं ठरलेलं. माझं शुद्धलेखन, आणि तपासणार कोण, तर ती! अंगाची आग व्हायची, पण पाठवत राहिले.

एक सोडून. खडवलीच्या आत्यांचं.

आत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची बहीण, नव्वदीच्या पुढची. लॅपटॉप घेऊन त्यांच्यासमोर बसले तर म्हणाल्या, "माझ्या पाठच्या तीन बहिणी लहानपणीच गेल्या गं. त्यांची नावं कुणी कुठं लिहिलीच नाहीत. तू लिही. माझ्यानंतर कुणाला ठाऊक नाही." मी लिहिली. कोण कशानं गेली, कुणाच्या कानात डूल होते, सगळं. दोन महिन्यांनी आत्याही गेल्या. ते प्रकरण मी जावेला पाठवलं नाही. संमेलनात एकदम वाचून दाखवणार होते. तिच्या हाती लागलं असतं तर सगळे म्हणाले असते, धाकटीनं काय सुरेख केलंय!

मग एका दुपारी तिची ई-मेल आली. आमच्याच जुन्या पत्रव्यवहाराला उत्तर होतं, विषय कुलवृत्तांत, आणि खाली इंग्रजीत एकच ओळ: फायनल फाइल जोडली आहे. माझ्या डोक्यात तिडीकच गेली. फायनल? मला न विचारता? तेवढ्यात मोबाइल वाजला. तिचाच. आता फुशारकी मारायला फोन! वाज बाई, म्हटलं, वाजत राहा. तीनदा वाजला. मी फाइल उघडली. कॉम्प्युटर परवानगी मागत होता, मी रागारागानं 'हो, हो' दाबत सुटले.

फोन उचलला असता तर कळलं असतं की तिच्या ई-मेलमध्ये व्हायरस शिरलाय, तिच्या नावानं सगळ्यांना फाइली जातायत, काही उघडू नका. हे मी संध्याकाळी व्हॉट्सॲपवर वाचलं. तोवर माझ्या एकूण एक फाइलींना कुलूप लागलेलं. दुसरी प्रत ठेवलेला पेनड्राइव्ह लावलेलाच होता, तोही गेला. पाठवलेल्या ई-मेल तर मी जागा भरते म्हणून कधीच पुसून टाकल्या होत्या.

"आई, किती वेळा सांगितलंय, विचारल्याशिवाय काही उघडू नकोस," मुलगा म्हणाला. त्याला काय सांगू, दुसऱ्या कुणाची असती तर मी उघडलीच नसती.

दुसऱ्या दिवशी जाऊ जाडजूड फाइल घेऊन दारात हजर. "वहिनी, मला स्क्रीनवर वाचवत नाही हो, डोळे दुखतात. तुम्ही पाठवलेलं सगळं मी छापून ठेवत गेले." एकेक पान तारखेनं लावलेलं. कडेला पेन्सिलनं बारीक अक्षरात, 'वहिनींनी काय छान लिहिलंय'. मेली चांगुलपणातही पुढेच! मी रडले, तिला मिठी मारली. पण आत जळत होतंच, खोटं कशाला बोलू.

तिनं पानं उलटून बघितली. "खडवलीच्या आत्यांचं कुठंय? तुम्ही जाऊन आला होतात ना?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. मग ते का पाठवलं नाही, हेही सांगावं लागलं असतं. माझ्या तोंडातून निघालं, "छे गं, त्यांना कुठं काही आठवत होतं!"

पुस्तक छापून झालं. संमेलनात माझा सत्कार झाला, शाल तिनंच घातली आणि टाळ्याही सगळ्यात जोरात तिनंच वाजवल्या. आत्यांच्या नावाखाली एक ओळ आहे: आणखी तीन बहिणी, नावे ज्ञात नाहीत.

त्यातली दोन मला अजून पाठ आहेत.