उर्सुलाबायने घासलेलं शमादान

माजिवड्याच्या उर्सुलाबायच्या हाताखालून गेलेलं पितळ काळं राहिलं, असं कधी झालं नाही. ठाण्याला आगगाडी येऊन तीसेक वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. तिकडचे ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतात. त्या देवळातली पितळेची भांडी सणाआधी घासायला हिच्याच घरी यायची, सासूच्या वेळेपासून. चिंच, चुलीतली राख आणि नारळाची शेंडी, बस्स. ओसरीवर फतकल मारून बाई अशी घासायची, की शेजारची गर्ट्रूड धूपदाणीत आपले दात बघून जायची. नवरा देवाघरी गेला, लेकी सासरी गेल्या, आता तिला मान उरला होता तो एवढाच. खोटं कशाला सांगू, त्याचा थोडा तोराही होता.

त्या वर्षी गावच्या थॉमसने वारलेल्या बायकोच्या, एमिलियाच्या नावाने मुंबईहून मेणबत्त्यांची दोन शमादानं आणून देवळाला दिली. पांढरीशुभ्र, विलायती. महिन्याभरात एकावर मेणाचे ओघळ आले, म्हणून पाद्रीबाबांनी ते बाकीच्या भांड्यांबरोबर उर्सुलाबायकडे धाडलं.

मेण निघालं, पण चकाकी काही हिच्या मनासारखी येईना. तिने चिंच फासली, राख लावली, शेवटी विटेची पूड घेतली. दुपारी कडेला जरासं पिवळं दिसलं आणि बाई खूश झाली. मेल्या दुकानदाराने चांगल्या पितळेला काहीतरी फासून आमच्या भोळ्या थॉमसला गंडवलं, असा तिने निकाल देऊन टाकला. मग काय, खांदे भरून येईस्तोवर घासून तिने ते सगळं पांढरं काढलं आणि लखलखीत शमादान पदराखाली झाकून मिरवत देवळात नेलं.

पाद्रीबाबा बघतच राहिले. मग त्यांनी हळू आवाजात सांगितलं, की ते चांदीचं पाणी होतं, मुद्दाम चढवलेलं. थॉमस काय म्हणतो ते कळेपर्यंत भांडी देवळातच राहू देत, असंही ते म्हणाले. ते उर्सुलाबायला फार लागलं. त्याहून जास्त लागलं ते एमिलियाचं, कारण दोघी एका विहिरीवर पाणी भरून म्हाताऱ्या झालेल्या.

सकाळी ती स्वतःच थॉमसच्या दारात गेली. "थॉमस, एमिलियाची चांदी मी घासून टाकली," ती म्हणाली. "आता देवळाचं भांडं माझ्या घरी नको. मीच सांगते पाद्रीबाबांना."

डोक्यावर टोपी चढवून थॉमस देवळाच्या वाटेला लागला. संपलं सगळं, असं समजून ती घरी येऊन भिंतीला टेकून बसली. चूलही पेटवली नाही.

ऊन उतरल्यावर थॉमस आला. त्याच्या काखेत दुसरं, पांढरं शमादान होतं. ते त्याने तिच्यासमोर ठेवलं.

"हेपण घास गो," तो म्हणाला. "माझ्या बायकोने जन्मभर पितळच वापरलं, चांदी तिने कुठे बघितली होती? या पांढऱ्यांकडे बघून मला ती आठवायचीच नाही. आज ते पिवळं बघितलं आणि आठवली."

उर्सुलाबायने रडत रडतच शमादान मांडीवर घेतलं. ते पिवळं होईपर्यंत थॉमस पायरीवर बसून राहिला.